आबांची पेटी

मंडळाच्या जूनमधल्या बैठकीत ठरलं, की या अंकासाठी प्रत्येकाने 'घरातली एक जुनी वस्तू' यावर लिहायचं. पाटा-वरवंटा लगेच गेला. जातं गेलं. वडगावच्या मैत्रिणीने हातमागाचा धोटा घेतला, एकाने एचएमटीचं घड्याळ. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "आबांची पेटी." पेटी म्हणजे हार्मोनियम का, असं दोघांनी विचारलं. नाही. होमिओपॅथीच्या औषधांची पेटी.

सागवानी आहे. चपात्यांच्या डब्यापेक्षा थोडी मोठी. आत खणाखणांत काचेच्या बारक्या बाटल्या, प्रत्येक बुचावर आबांच्या अक्षरातली गोल चिठ्ठी. नक्स व्हॉमिका ३०, ब्रायोनिया ३०, पल्सेटिला २००, र्‍हस टॉक्स २००, आर्सेनिक अल्बम ३०. झाकण उघडलं की स्पिरिटचा आणि साखरेचा मिळून एक वास येतो. आजही येतो. आबा जाऊन दोन वर्षं झाली.

आबा पोस्टात होते. खानापूर, नंदगड, निपाणी अशा बदल्या करत शेवटी बेळगावात निवृत्त झाले. होमिओपॅथी त्यांनी पुस्तकं वाचून शिकलेली. फी घेत नसत. संध्याकाळी शहापुरातल्या आमच्या घराच्या कट्ट्यावर पाच-सहा जण बसलेले असायचे. कुणाचं पोट, कुणाचे गुडघे, कुणाच्या लेकराला शाळेत जायची भीती. आबा प्रत्येकाची वहीत नोंद करायचे आणि प्रश्न विचारायचे. असे प्रश्न मी दुसऱ्या कुणा डॉक्टरच्या तोंडून कधी ऐकलेले नाहीत.

"तहान लागते तेव्हा घोट घोट पिता, की घटाघटा?" "दुखणं हालचाल केल्यावर वाढतं, की बसून राहिल्यावर?" "पहाटे जाग येते ती किती वाजता?" "कुणी समजूत काढली तर बरं वाटतं, की राग येतो?"

लोक आधी हसायचे. मग उत्तर द्यायला लागायचे आणि थांबायचेच नाहीत. मी दारात गृहपाठ करत बसलेली असायची. सून नीट बोलत नाही इथपासून कोर्टात अडकलेल्या जमिनीपर्यंत सगळं माझ्या कानावर पडायचं. शेवटी आबा बाटली उघडून साबुदाण्याएवढ्या चार गोळ्या झाकणात घ्यायचे आणि झाकणातूनच थेट जिभेवर टाकायला लावायचे. हात लावायचा नाही. अर्धा तास आधी आणि नंतर काही खायचं नाही. कॉफी, कच्चा कांदा, हिंग, कापूर बंद. आमच्या घरात तर कापराची आरती अंगणात व्हायची, पेटीला वास लागू नये म्हणून.

या पेटीची सगळ्यात जुनी पेशंट मी.

मला तान्ही असताना इसब होता. गुडघ्यांच्या मागे आणि कोपरांच्या घडीत. खाजवून खाजवून रक्त काढायची, असं आई सांगते. कॅम्पातल्या डॉक्टरांनी मलम दिलं, इसब गेला. पाचव्या वर्षी पहिल्यांदा छाती वाजायला लागली. सर्दी झाली की रात्री सुं सुं आवाज, बसून राहायचं, आईने पाठ चोळायची. डॉक्टरांनी दमा सांगितला आणि दोन पंप दिले. एक रोज घ्यायचा, एक धाप लागल्यावर.

आबांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणाले, "त्वचेवरचं मलम लावून दाबलंत, ते आत गेलं. आता छातीत बसलंय. पंपाने पुन्हा दाबाल तर आणखी आत जाईल."

लहानपणी मला ही गोष्ट एकदम पटली होती. दिसत होतंच की! आधी इसब, मग मलम, मग दमा. क्रम बरोबर होता. पुढे मी वाचलं, तेव्हा कळलं की हे आबांचं स्वतःचं डोकं नव्हतं. होमिओपॅथीचा जनक सॅम्युअल हानेमान याचा जुनाट आजारांबद्दलचा हा मूळ सिद्धांतच आहे.

हानेमान १७५५ साली जर्मनीतल्या माइसेन गावात जन्मला. शिकलेला डॉक्टर होता, पण त्या काळची वैद्यकी बघून वैतागला. रोग कुठलाही असो, शीर कापून रक्त काढायचं, जळवा लावायच्या, पाऱ्याची औषधं द्यायची. त्याने प्रॅक्टिस सोडली आणि पुस्तकांच्या भाषांतरावर घर चालवलं. १७९० मध्ये असंच एक पुस्तक भाषांतरित करताना त्याने सिंकोनाची साल स्वतः खाऊन बघितली. हिवतापावर देतात तीच साल. त्याला हिवतापासारखी लक्षणं जाणवली. त्यावरून त्याने काढलं, की निरोगी माणसात जे औषध जी लक्षणं निर्माण करतं, तेच औषध त्या लक्षणांच्या रोग्याला बरं करतं. काट्याने काटा काढायचा. १८१० मध्ये 'ऑर्गेनॉन' हा त्याचा मुख्य ग्रंथ आला.

पण पुढे एक अडचण झाली आणि हानेमानने ती लपवली नाही. सर्दी, ताप, जुलाब यांचे रोगी बरे व्हायचे. जुनाट आजारांचे रोगी मात्र थोडे दिवस बरे व्हायचे आणि दुखणं परत यायचं. असं का, याचा तो बारा वर्षं विचार करत होता. १८२८ मध्ये त्याने 'जुनाट आजार' या नावाचं पुस्तक काढलं आणि उत्तर दिलं, की जुनाट आजारांच्या मुळाशी तीन विष आहेत: सोरा, सायकोसिस आणि सिफिलिस. त्यातला सोरा म्हणजे खरजेचं विष. आठातले सात जुनाट आजार या सोरामुळेच होतात, असं त्याने लिहिलं. खरूज वरवर मलम लावून घालवली, की विष आत शिरतं आणि दमा, मूळव्याध, फेफरं, वेड अशा रूपांनी बाहेर येतं.

म्हणजे माझा दमा १८२८ सालीच लिहून ठेवलेला होता!

आणि गंमत बघा. १८३४ मध्ये पॅरिसमध्ये रेनुची नावाच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने, म्हणजे आपल्यासारख्याच एका पोराने, खरजेच्या फोडाजवळून सुईच्या टोकाने एक किडा काढून प्राध्यापकांना दाखवला. हा रेनुची कॉर्सिका बेटावरचा. त्याच्या गावाकडच्या बायका हे किडे सुईने काढायच्या, ते त्याने पाहिलं होतं. खरूज कुठल्या आतल्या विषाने होत नाही, कातडीत बीळ करून राहणाऱ्या बारीक किड्याने होते, हे त्यानंतर मानलं गेलं. पुढच्याच वर्षी हानेमान पॅरिसला राहायला आला आणि १८४३ मध्ये तिथेच वारला. सोराचा सिद्धांत मात्र तसाच पुढे चालत आला, आमच्या शहापूरच्या कट्ट्यापर्यंत.

आता माझी गोष्ट.

मी आठवीत होते. वार्षिक परीक्षा संपल्यावर आबांनी घरात विषय काढला, की पोरीला जन्मभर पंप घ्यायला लावणार का? आईला पटत नव्हतं. पण पंपाबद्दल आपल्याकडे काय काय बोलतात, तुम्हाला माहीत आहेच. सवय लागते. हृदय कमजोर होतं. उद्या स्थळं बघताना काय सांगणार? आत्याने तर हे शेवटचं माझ्यासमोरच विचारलं. मला पंपाची लाज वाटायची. शाळेत दप्तराच्या तळाशी लपवून ठेवायची. त्यामुळे आबा म्हणाले, "बाळा, हळूहळू बंद करू," तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. हे मी मुद्दाम लिहितेय. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती.

आबांनी दोन संध्याकाळी बसून माझी केस घेतली. मी कुठल्या कुशीवर झोपते, अंधाराची भीती वाटते का, मध्यरात्रीनंतर धाप वाढते का, गरम पाणी आवडतं का. आर्सेनिक अल्बम ठरलं. एप्रिल, मे मस्त गेले. एकदाही धाप नाही. मी मामाच्या गावी आंब्याच्या झाडावर चढले. आबांनी वहीत लिहिलं, "उत्तम प्रगती." आजी एकटी कुरकुरत होती. "पोरीचा पंप काढला, आणि स्वतः मात्र रोज सकाळी प्रेशरची गोळी गिळतात!" आबा हसून सोडून द्यायचे.

आता कळतं की एप्रिल-मेमध्ये मला पंप घेत असतानाही त्रास नसायचा. माझा दमा पावसाळ्याचा. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जुलैत पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही, भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास लागतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं. पहिले तीन दिवस आबा म्हणाले, "आधी थोडं वाढतं, मग उतरतं. औषध काम करतंय याची ती खूण." चौथ्या रात्री दोन वाजता मला बोलता येईना. एक एक शब्द तोडून बोलत होते. आईने निळा पंप शोधला, तो संपलेला होता. बाबांनी रिक्षा आणली. पावसात, मांडीवर डोकं ठेवून नाही, बसूनच, कारण आडवं होणं शक्यच नव्हतं. एका खासगी दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाफ दिली, सलाइनमधून स्टेरॉइड दिलं. पहाटे पाचला मी पूर्ण वाक्य बोलले. ते वाक्य होतं, "आई, भूक लागलीय."

सकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रोजचा पंप कधीपासून बंद आहे? कुणी बंद केला?"

खोलीत आई होती, बाबा होते, दाराशी आबा उभे होते, ओल्या छत्रीसकट. कुणीच बोललं नाही. मग मी म्हटलं, "मीच विसरत होते."

आबांकडे मी बघितलं नाही.

घरी आल्यावर दोन दिवस आबा कट्ट्यावर बसले नाहीत. लोक आले आणि परत गेले. आठ दिवसांनी मला परत दाखवायला न्यायचं होतं. आबा म्हणाले, मी येतो. डॉक्टरीणबाईंसमोर बसल्यावर, मी काही सांगायच्या आधीच, ते म्हणाले, "ही विसरली नव्हती. पंप मी बंद केला होता. चूक माझी आहे."

मला वाटलं, आता आबांना काहीतरी ऐकावं लागणार. मी खाली बघत होते. पण बाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही वही ठेवता ना? आई सांगत होत्या. मग ही पण नोंद ठेवाल?" आणि त्यांनी एक प्लॅस्टिकची नळी दिली. पीक फ्लो मीटर. जोरात फुंकायचं, की काटा सरकून आकडा दाखवतो. श्वासनळ्या किती मोकळ्या आहेत ते त्यावरून कळतं. रोज सकाळ-संध्याकाळ फुंकायचं आणि लिहायचं. परत निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, "गोळ्या द्यायच्या तर द्या. पंप बंद करायचा नाही."

इसब आणि दमा यांचंही त्यांनी समजावलं. पुष्कळ मुलांना आधी इसब, मग दमा, मग शिंका असं होतं. वैद्यकात त्याला 'अ‍ॅटोपिक मार्च' म्हणतात. मूळ प्रवृत्ती एकच असते, वेगवेगळ्या वयात वेगवेगळ्या जागी दिसते. मलमाने काही आत ढकललं जात नाही. आबांना दिसलेला क्रम खरा होता. कारण चुकलं होतं. बारा वर्षं रोग्यांकडे बारकाईने बघणाऱ्या हानेमानचंही बहुधा तसंच झालं असावं.

मग आबांच्या वहीत माझं एक वेगळं पान सुरू झालं. सकाळ, संध्याकाळ, आकडा. बरी असले की ३४०च्या आसपास. आबा पोस्टातला हिशेब लिहावा तसं लिहायचे, एकाखाली एक.

त्याच ऑगस्टमधली एक संध्याकाळ मला कधी विसरता येणार नाही. सर्दी झाली होती, छाती भरून आली होती. आबांनी जवळ बसवलं, नेहमीसारखे प्रश्न विचारले, पाठीवर हात फिरवला, चार गोळ्या दिल्या. अर्ध्या तासाने मी म्हटलं, "आबा, बरं वाटतंय." आणि खोटं नव्हतं ते! खरंच हलकं वाटत होतं.

आबा म्हणाले, "फुंक बघू."

२३०.

त्यांनी नळी हलवून बघितली. "परत." २३०. मग ते उठले, आतून निळा पंप आणला आणि स्वतःच्या हाताने हलवून मला दिला. दोन झुरके. पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकलं. ३१०. आबांनी तिन्ही आकडे लिहिले. पुढे शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहायला पेन टेकवलं आणि तसंच उचललं. तो रकाना अजून रिकामा आहे.

कॉलेजात आल्यावर मला कळलं, की आमच्या ओसरीवर घडलं तेच बोस्टनमध्ये शास्त्रशुद्ध रीतीने करून बघितलेलं आहे. २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ते छापून आलं. दम्याच्या रोग्यांना आळीपाळीने खरा पंप, औषध नसलेला पंप, सुया टोचल्याचं नाटक, आणि काहीच नाही, असे चार प्रकार दिले. 'किती बरं वाटतंय?' असं विचारल्यावर पहिल्या तिन्हींना जवळजवळ सारखंच उत्तर आलं, सुमारे निम्मा त्रास कमी. पण फुप्फुसं मोजली तेव्हा खऱ्या पंपाने २० टक्के सुधारणा झालेली होती आणि बाकी सगळ्यांनी ७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बरं वाटणं खरं होतं, पण श्वासनळ्या आवळलेल्याच होत्या. दम्यात हे फार धोक्याचं आहे, कारण बरं वाटतंय म्हणून माणूस घरी बसून राहतो. मी चार दिवस बसले होते.

एफवायला मोल संकल्पना शिकवली तेव्हा मी वहीच्या शेवटच्या पानावर आबांच्या बाटल्यांचं गणित केलं. मूळ औषधाचा एक थेंब ९९ थेंब स्पिरिटात, मग आपटून हलवायचं. ही झाली पहिली पोटन्सी. त्यातला एक थेंब पुन्हा ९९ थेंबांत, ही दुसरी. बारा वेळा केलं की मूळ पदार्थ १ वर २४ शून्यं इतक्या पट पातळ होतो. एका मोलमध्ये रेणू असतात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. म्हणजे एक अख्खा मोल घेऊन सुरुवात केली तरी बाराव्या पायरीला एखादा रेणू उरला तर उरला. आबांच्या बाटल्या ३० आणि २०० च्या. तिसाव्या पायरीला १ वर ६० शून्यं.

आबा नेहमी म्हणायचे, सूक्ष्म मात्रेतच शक्ती असते. म्हणून मी माझ्या रोजच्या पंपाचंही गणित केलं. त्यातही मात्रा सूक्ष्मच. एका झुरक्यात २०० मायक्रोग्रॅम औषध, म्हणजे ग्रॅमचा पाच हजारावा भाग. पण त्यात रेणू निघाले जवळजवळ २८ कोटी अब्ज! सूक्ष्म असण्याला हरकत नाही, पण काहीतरी असायला हवं ना.

हानेमानला हे गणित करता आलं नसतं. अ‍ॅव्होगॅड्रोने आपला विचार मांडला १८११ मध्ये, पण रेणू साधारण किती, याचा पहिला अंदाज लोश्मिटने १८६५ मध्ये केला. तोवर हानेमान जाऊन बावीस वर्षं झाली होती. आपल्याला मात्र ते करता येतं. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने तोवरचे अभ्यास तपासून सांगितलं, की कुठल्याच आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. आपल्या देशात तिची कॉलेजं आहेत, पदव्या आहेत, १९७३ पासून कायदा आहे, लाखो घरांत पेट्या आहेत. तुमच्यापैकी काहींच्या घरीही असेल. मी तुमच्या आजोबांना नावं ठेवायला हे लिहीत नाहीये. माझेच आजोबा आहेत ते.

आबा फादर मुलर यांची गोष्ट फार अभिमानाने सांगायचे. मंगळूरला आलेले जर्मन जेझुइट धर्मगुरू. १८८० मध्ये कंकनाडीला त्यांनी गरिबांसाठी होमिओपॅथीचा दवाखाना सुरू केला. पुढे कुष्ठरोग्यांसाठी आसरा उभा केला, ज्यांना त्या काळी कुणी दारात उभं करत नव्हतं. मी आबांना एकदा विचारलं, "कुष्ठरोग बरा व्हायचा का त्या गोळ्यांनी?" आबा जरा वेळ गप्प बसले. म्हणाले, "नसेल होत. पण ते त्यांच्याजवळ बसायचे, जखमा बांधायचे." कुष्ठरोग पूर्ण बरा करणारी औषधं एकत्र देणं सुरू झालं ते १९८० च्या दशकात, म्हणजे शंभर वर्षांनी. आज कंकनाडीच्या त्या आवारात मोठं रुग्णालय आहे आणि आधुनिक वैद्यकाचं कॉलेजही. खिडकीतून वाटलेल्या गोळ्यांपेक्षा त्या माणसाचं रोग्याजवळ बसणं जास्त टिकलं, असं मला वाटतं.

आता पेटीचं पुढे काय झालं ते सांगते आणि संपवते.

आबा गेल्यावरही लोक येत राहिले. पोस्टातले आबा नाहीत तर त्यांची नात आहे, सायन्सला आहे, तिला माहीत असणार. आई म्हणाली, पेटी माळ्यावर टाकू. मला टाकवेना. मागच्या श्रावणात पलीकडच्या गल्लीतल्या एक काकू आल्या. म्हणाल्या, "बोटं दुखत्यात गं. आबांनी एकदा र्‍हस टॉक्स दिलं होतं बघ, ते दे की. मी काय जास्त मागत नाही, आठ दिवसांचं दे."

बाटली समोर होती. देणं अगदी सोपं होतं. काकू खूश होऊन गेल्या असत्या आणि दोन दिवस त्यांना बरंही वाटलं असतं. मी पेटी बंद केली आणि आबांची वही उघडली. त्यांच्याच अक्षरातले प्रश्न एकेक विचारले. कधी जास्त दुखतं? "सकाळी उठल्या उठल्या." किती वेळ? "चहा होतो, भांडी होतात, तरी बोटं मिटत नाहीत. तास-दीड तास." हालचालीने वाढतं की कमी होतं? "काम करत गेलं की सुटतात हळूहळू." एकाच हाताची की दोन्ही? "दोन्ही." किती दिवस झाले? "गुढीपाडव्यापासून." आणि मग, वहीत नसलेलं, त्यांनी आपणहून सांगितलं. डब्यांची ऑर्डर सोडावी लागेल अशी भीती वाटते, कणीक मळता येत नाही, घरात कुणाला सांगितलं नाही.

मी त्यांचे हात हातात घेतले. मधली पेरं दोन्हीकडे सारखी सुजलेली होती, गरम लागत होती.

मी डॉक्टर नाही. पण हे वयाचं दुखणं नव्हे, इतकं मला वाचून माहीत होतं. मी सगळी उत्तरं एका कागदावर लिहिली, तारखेसकट, आबा लिहायचे तशी, आणि त्यांना म्हटलं, "काकू, हा कागद घेऊन उद्या डॉक्टरांकडे जायचं. मी येते सोबत."

"आणि गोळ्या?"

"गोळ्या नाहीत."

त्या रुसल्या. म्हणाल्या, "आबा असते तर दिल्या असत्या." खरं होतं ते. मला वाईट वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी आल्या. डॉक्टरांनी कागद वाचला, बोटं दाबून बघितली, रक्त तपासायला सांगितलं. संधिवातच निघाला, सांधे आतून कुरतडणारा, आमवात म्हणतात तो. लवकर औषध सुरू केलं तर सांधे वाचवता येतात, उशीर केला तर वाकडी झालेली बोटं सरळ होत नाहीत, असं ते म्हणाले. काकू आता आठवड्यातून एक दिवस ती गोळी घेतात, ठरल्या वेळी रक्त तपासतात, आणि डबे चालू आहेत. पूर्वीइतके नाहीत, पण आहेत.

जाताना डॉक्टरांनी विचारलं, "हा कागद कुणी लिहिला? इतकं सगळं कुणी विचारत नाही." मी म्हटलं, "आमच्या आबांची पद्धत आहे."

पेटी माझ्या टेबलावर आहे. बाटल्या मी तशाच ठेवल्यात. काढायला हात होत नाही. फक्त कडेच्या दोन खणांतल्या रिकाम्या बाटल्या काढून तिथे माझे दोन पंप ठेवते, रोजचा आणि निळा. बरोबर मावतात. पीक फ्लोची नळी मात्र मावत नाही, ती वहीवर ठेवते. आज सकाळचा आकडा ३८०. बाहेर तीन दिवस झाले, पाऊस थांबलेला नाही.